जोडणी शुल्क ‘माफ’ म्हणजे नेमके काय? करार, अटी आणि वसुलीचे वाद

इंटरनेट, केबल, स्वयंपाकाचा गॅस, बँकेचे कार्ड किंवा कर्ज यांपैकी कोणतीही सेवा नव्याने घेताना सुरुवातीला एक रक्कम एकदाच भरावी लागते. कोठे तिला जोडणी शुल्क म्हणतात, कोठे स्थापना शुल्क, तर कोठे प्रक्रिया शुल्क. स्पर्धा वाढली तसे हे शुल्क ‘माफ’ असल्याचे सांगून ग्राहक मिळवण्याची पद्धत रूढ झाली. या माफीवरचा वाद सही करताना सहसा उद्भवत नाही. तो पहिले बिल हाती आल्यावर, सेवा बंद करताना किंवा अनामत रक्कम परत मागताना उभा राहतो. वादातील रक्कम बहुधा पाचशे ते दोन हजार रुपयांच्या घरातली असते. एवढ्यासाठी कोण भांडत बसणार, या विचाराने बहुतेक ग्राहक ती भरून मोकळे होतात. कायद्याने मात्र या विषयावर बरेच काही स्पष्ट करून ठेवले आहे.

या वादाची जवळजवळ सर्व अंगे मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत एकत्र पाहावयास मिळतात. छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून 5 ऑक्टोबर 2023 रोजी या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर भरणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर माहीत आहे. संत्रा आणि कापूस ही येथील ओळखीची पिके. घरात आणि बाजारात मराठी, सरकारी कारभारात हिंदी आणि सेवेच्या करारात बहुधा इंग्रजी, असा येथील ग्राहकाचा तीन भाषांचा व्यवहार आहे. गोव्यातील मराठी वाचकाला ही स्थिती अनोळखी वाटणार नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्राहकाला अटी अनेकदा स्वतःच्या भाषेत वाचावयास मिळत नाहीत आणि माफीचे वाद पुष्कळदा तेथूनच सुरू होतात.

माफी आणि मुदतवाढ

‘शुल्क माफ’ या दोन शब्दांत तीन निरनिराळे व्यवहार दडलेले असतात. पहिल्यात शुल्क आकारलेच जात नाही; करारातील त्या रकान्यात शून्य लिहिलेले असते. दुसऱ्यात शुल्क आधी भरून घेतले जाते आणि ठरावीक काळानंतर बिलातून वळते होते किंवा परत मिळते. तिसऱ्यात शुल्क लागू असते, पण ग्राहक अमुक महिने सेवा चालू ठेवील या अटीवर त्याची वसुली थांबवलेली असते. अट मोडली की वसुली पुन्हा सुरू होते. जाहिरातीत हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. ग्राहक पहिला प्रकार गृहीत धरतो, करार तिसऱ्या प्रकारचा निघतो आणि वाद निर्माण होतो.

भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 63 मध्ये हा भेद दीडशे वर्षांपूर्वीच नोंदवलेला आहे. ज्याला वचन दिले गेले आहे तो त्या वचनाची पूर्तता पूर्णतः किंवा अंशतः सोडून देऊ शकतो, ती पुढे ढकलू शकतो किंवा तिच्याऐवजी दुसरे काही स्वीकारू शकतो, असे हे कलम सांगते. कायद्यात दिलेल्या एका उदाहरणात पाच हजार रुपयांचे देणे असलेला मनुष्य दोन हजार देतो आणि घेणारा ती रक्कम संपूर्ण देण्यापोटी स्वीकारतो. तेथे सगळेच देणे फिटते. एकदा खऱ्या अर्थाने सोडलेले देणे नंतर पुन्हा मागता येत नाही. पुढे ढकललेले देणे मात्र मागता येते. म्हणून ‘माफ केले होते का?’ या प्रश्नापेक्षा ‘सोडले होते की पुढे ढकलले होते?’ हा प्रश्न अधिक नेमका ठरतो. त्याचे उत्तर करारात किंवा पावतीवर शोधावे लागते.

उज्ज्वला योजनेचा अनुभव

हा भेद खेड्यापाड्यांतील लक्षावधी घरांनी अनुभवला, तो प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेत. 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झालेल्या या योजनेत गरीब कुटुंबातील महिलेच्या नावे गॅसची जोडणी देताना सरकार 1,600 रुपये भरत असे. त्यात सिलिंडरची अनामत 1,250 रुपये, रेग्युलेटर 150, रबरी नळी 100, ग्राहक पुस्तिका 25 आणि तपासणी व जोडणी 75 असा हिशेब होता. म्हणजे जोडणीचा खर्च खरोखरच माफ होता.

शेगडी आणि पहिला भरलेला सिलिंडर यांचा मात्र या 1,600 रुपयांत समावेश नव्हता. ज्यांना त्यांची किंमत रोख देणे शक्य नव्हते त्यांना तेल कंपन्यांकडून बिनव्याजी कर्ज मिळे. पुढच्या सिलिंडरांवर मिळणारे अनुदान हे कर्ज फिटेपर्यंत ग्राहकाच्या खात्यात न जाता कंपनीकडे वळते होई. ‘फुकट गॅस’ मिळाल्याचे समजून चाललेल्या कुटुंबाला बाजारभावाने सिलिंडर घ्यावा लागे आणि अनुदान का येत नाही, याचा उलगडा होत नसे. पुढे एप्रिल 2018 पासून सहा सिलिंडरांपर्यंत ही वसुली थांबवण्यात आली. 10 ऑगस्ट 2021 रोजी महोबा येथून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिला सिलिंडरही मोफत करण्यात आला.

या साऱ्यात फसवणुकीचा हेतू नव्हता. नियम जाहीर होते. तरीही जोडणी मोफत आणि शेगडी कर्जाऊ, हा फरक सही करणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही की सरकारी योजनेतही गैरसमज कसा होतो, हे त्यातून दिसले. खासगी सेवेत तर जाहिरातीचा जोर आणखी असतो.

इंटरनेट आणि केबल

घरगुती इंटरनेटच्या दरपत्रकांत माफीचे स्वरूप स्पष्ट दिसते. सप्टेंबर 2019 मध्ये जिओ फायबरची व्यावसायिक सेवा सुरू झाली तेव्हा नव्या ग्राहकाने भरावयाच्या 2,500 रुपयांपैकी 1,500 ही परत मिळणारी अनामत होती आणि 1,000 रुपये परत न मिळणारे जोडणी शुल्क होते. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या जिओ एअरफायबरसाठीही 1,000 रुपयांचे जोडणी शुल्क ठरले. वर्षभराची योजना घेणाऱ्यास ते माफ होते. येथे माफीचा मोबदला उघड आहे. ग्राहक बारा महिन्यांची बांधिलकी देतो आणि कंपनी शुल्क सोडते. अशा व्यवहारात गैर काही नाही. मात्र ही बांधिलकी ग्राहकाला आधी समजली पाहिजे.

केबल आणि डीटीएच सेवेसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2017 च्या नियमांत जोडणी शुल्कावर 350 रुपयांची आणि सेवा चालू करण्याच्या शुल्कावर 100 रुपयांची मर्यादा घातली होती. जुलै 2024 मधील दुरुस्तीने ही मर्यादा काढून टाकली आणि शुल्क ठरवण्याचे स्वातंत्र्य सेवादात्याला दिले. आपली शुल्के जाहीर करण्याचे बंधन मात्र त्याच्यावर घातले. या बदलाचा माफीच्या जाहिरातीशी थेट संबंध आहे. मर्यादा होती तेव्हा माफ होणाऱ्या रकमेचे मोल कोणालाही पडताळून पाहता येत असे. आता ‘दीड हजाराचे शुल्क माफ’ असे वाचल्यावर ते दीड हजार रुपये खरोखर कोणाकडून घेतले जातात का, हे सेवादात्याने जाहीर केलेल्या दरपत्रकातच पाहावे लागते.

पांढुर्ण्याच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. दूरसंचार परवान्यांच्या रचनेत मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे मिळून एक सेवाक्षेत्र आहे, तर महाराष्ट्राच्या सेवाक्षेत्रात मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा येतात. योजना आणि सवलती सेवाक्षेत्रानुसार वेगळ्या असू शकतात. पांढुर्णा आणि सौंसरचे दैनंदिन व्यवहार नागपूरशी जोडलेले आहेत. नागपुरात पाहिलेली जाहिरात किंवा तेथील नातेवाइकांना मिळालेली माफी पांढुर्ण्याच्या पत्त्यावर लागू होईलच, असे नाही. जोडणी ज्या पत्त्यावर घ्यावयाची त्या पत्त्यासाठी सवलत आहे काय, हे लेखी विचारून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

‘मोफत’ या शब्दाला कायद्याची चौकट

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. एखादी वस्तू किंवा बाब मोफत दिल्याचा आभास निर्माण करावयाचा आणि तिची किंमत पूर्णतः किंवा अंशतः एकूण व्यवहाराच्या रकमेत वसूल करावयाची, ही प्रथा या व्याख्येत मोडते. म्हणजे जोडणी शुल्क शून्य दाखवून तेवढीच रक्कम दुसऱ्या नावाने आकारली असेल, तर ग्राहकाला या तरतुदीवर बोट ठेवता येते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 9 जून 2022 रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. मोफत देऊ केलेल्या गोष्टीसाठी ग्राहकाला कोणती बांधिलकी पत्करावी लागेल हे जाहिरातीने स्पष्ट करावे, असे ती सांगतात. खुलासा किंवा अट मूळ दाव्याच्याच भाषेत आणि तशाच ठळकपणे दिली जावी, तसेच तिने मूळ दाव्याला छेद देऊ नये, असेही त्यांत म्हटले आहे. ‘जोडणी शुल्क माफ’ हे वाक्य मराठीत किंवा हिंदीत मोठ्या अक्षरांत आणि ‘बारा महिन्यांच्या अटीवर’ हे इंग्रजीत बारीक अक्षरांत, अशी जाहिरात या तत्त्वांत बसत नाही. तिन्ही भाषा वापरणाऱ्या सीमाभागात ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

ऑनलाइन नोंदणीसाठी 30 नोव्हेंबर 2023 रोजी आणखी एक मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची नोंद आहे. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरण्याच्या टप्प्यावर शुल्के वाढवत नेणे आणि सेवा बंद करण्याचा मार्ग मुद्दाम अवघड ठेवणे, या दोहोंचा तीत समावेश आहे.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेची तरतूद अधिक थेट आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जासाठी, तसेच सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जासाठी कर्जदाराला मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक झाले. हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. त्यात न दाखवलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या मुदतीत केव्हाही आकारता येत नाही. प्रक्रिया शुल्क माफ झाल्याचे सांगितले गेले असेल, तर ते या पत्रकात शून्य दिसले पाहिजे.

प्रतिनिधीचा शब्द कोणावर बंधनकारक?

लहान गावांत सेवा विकणारा मनुष्य ओळखीचा असतो. मोबाइलचा दुकानदार, केबलवाला किंवा कंपनीने नेमलेला स्थानिक मुलगा ‘काका, काही भरावे लागणार नाही’ असे सांगतो आणि त्या शब्दावर सही होते. नंतर कंपनी म्हणते, असे आश्वासन देण्याचा त्याला अधिकारच नव्हता. करार कायद्याच्या कलम 237 नुसार, कंपनीने आपल्या शब्दांनी किंवा वर्तनाने लोकांची तशी समजूत होऊ दिली असेल, तर प्रतिनिधीने अधिकाराबाहेर दिलेले वचनही तिच्यावर बंधनकारक ठरते. कंपनीचे ओळखपत्र, तिचे नाव छापलेले पत्रक, तिच्या नावाची पावती ही सारी अशा वर्तनाची खूण ठरू शकते.

अडचण येते ती पुराव्याची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 94 आणि 95 नुसार लेखी कराराच्या अटी बदलण्यासाठी तोंडी पुरावा सामान्यतः चालत नाही. फसवणुकीसारखे काही अपवाद तेवढे आहेत. म्हणून प्रतिनिधीचा शब्द त्याच दिवशी लेखी करून घेणे उत्तम. वेगळा कागद मिळत नसेल, तर ‘जोडणी शुल्क माफ आहे, सेवा सहा महिन्यांत बंद केली तरी ते घेतले जाणार नाही, असे आपण सांगितले, बरोबर ना?’ असा संदेश त्याला मोबाइलवर पाठवावा आणि उत्तर जपून ठेवावे.

मध्येच सेवा सोडल्यास

सर्वाधिक खटके उडतात ते सेवा मुदतीपूर्वी बंद करताना. समजा, 1,000 रुपयांचे शुल्क बारा महिन्यांच्या अटीवर माफ झाले आणि ग्राहकाने पाच महिन्यांनी सेवा सोडली. कंपनी संपूर्ण 1,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर धरून 1,180 रुपये मागते. उरलेल्या सात महिन्यांच्या प्रमाणात हिशेब केला, तर करापूर्वीची रक्कम 583 रुपयांच्या आसपास येते. यांपैकी कोणता हिशेब योग्य, हे प्रथम करारावर अवलंबून आहे.

करारात पूर्ण वसुलीची अट असली तरी ग्राहकापाशी युक्तिवाद उरतो. करार मोडल्यास द्यावयाची रक्कम आधीच ठरलेली असली, तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते, असे करार कायद्याचे कलम 74 सांगते. हा दंड नसून दिलेल्या सेवेचीच किंमत आहे, असे कंपनी म्हणू शकते. ग्राहकाने सेवा का सोडली, हा मुद्दाही येथे निर्णायक ठरतो. आठवडेच्या आठवडे सेवा बंद राहिली म्हणून ग्राहक बाहेर पडला असेल, तर अट त्याने मोडली असे म्हणता येत नाही. सेवेतील त्रुटीच्या तक्रारींचे क्रमांक आणि तारखा अशा वेळी उपयोगी पडतात.

तक्रार कोठे करावी

पहिली तक्रार सेवादात्याकडेच करावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. दूरसंचार सेवेत तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत जाता येते. अपिलाचा निकाल 39 दिवसांत लागणे अपेक्षित असते. बँकेने 30 दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. कोणत्याही सेवेसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक खुला असून तेथे मराठीतही बोलता येते.

दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असा समज अजूनही आढळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या एका निकालामुळे तो रुजला होता. 16 फेब्रुवारी 2022 रोजी व्होडाफोन आयडिया प्रकरणात न्यायालयाने ग्राहक मंचांचा अधिकार मान्य केला. दरमहा सरासरी 555 रुपये बिल येणाऱ्या अहमदाबादच्या ग्राहकाला एका महिन्यासाठी 24,609 रुपयांचे बिल आल्यावरून तो वाद सुरू झाला होता.

2019 च्या कायद्याने दूर राहणाऱ्या ग्राहकाची सर्वांत मोठी अडचण दूर केली. कलम 34 नुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा नागपुरात असले म्हणून पांढुर्ण्याच्या ग्राहकाला तेथे जावे लागत नाही. या भागातील तक्रारी पूर्वापार छिंदवाड्याच्या जिल्हा आयोगाकडे जात आल्या आहेत. ऑनलाइन दाखल करण्याची सोय आणि कलम 38 नुसार दृकश्राव्य माध्यमातून सुनावणी मागण्याची मुभा यांमुळे प्रत्येक तारखेला प्रवास करण्याची गरज कमी झाली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. गोव्यात उत्तर आणि दक्षिण जिल्ह्यांसाठी स्वतंत्र आयोग असून त्यांनाही हेच नियम लागू आहेत.

एक बारकावा येथे लक्षात ठेवावा लागतो. करारच अन्यायकारक आहे, असा मुद्दा घेतल्यास तक्रार राज्य आयोगापुढे न्यावी लागते. जिल्हा आयोगाला तो अधिकार दिलेला नाही. हजार-दीड हजाराच्या वादात अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतील त्रुटी या मुद्द्यांवर तक्रार मांडणे म्हणूनच सोयीचे ठरते.

सही करण्यापूर्वी

पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवली, तर बहुतेक वाद टळतात. शुल्क आकारलेच जाणार नाही, नंतर परत मिळणार आहे की केवळ वसुली थांबली आहे? माफीसाठी किती महिने सेवा ठेवावी लागेल? मुदतीपूर्वी सेवा सोडल्यास किती रक्कम, कोणत्या हिशेबाने द्यावी लागेल? भरलेल्या पैशांतील अनामत किती आणि ती किती दिवसांत परत मिळेल? बसवलेले यंत्र कोणाच्या मालकीचे आणि ते परत केल्याची पावती कोण देणार? पावतीवर अनामत आणि शुल्क वेगवेगळे लिहून घ्यावेत. ‘एकूण’ असा एकच आकडा असल्यास परतावा मागताना अडचण होते.

जाहिरातीचे छायाचित्र, पावती, करार आणि तक्रार क्रमांक एका ठिकाणी ठेवावेत. कलम 69 नुसार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. सेवा बंद केल्यानंतर आलेली मागणीही वादाचे कारण ठरू शकते. त्यामुळे सेवा सोडल्यावर, यंत्र परत केल्यावर आणि अनामत हाती पडल्यावरही हे कागद निदान दोन वर्षे जपून ठेवणे हिताचे आहे.